बँडवरच्या डॉक्युमेंटरी पाहायला सुरुवात कुठून करायची : नागपूरच्या नव्या प्रेक्षकांसाठी, पायरी पायरीनं

नागपुरात बँड काढणारी पोरं कमी नाहीत, कॉलेजच्या फेस्टसाठी बँड उभा राहतो, धरमपेठेत नाहीतर मनीषनगरात कोणाच्या तरी घरच्या वरच्या खोलीत प्रॅक्टिस चालते, वर्ष-दीड वर्षात तो मोडतो आणि मोडल्यावर प्रत्येक जण वेगळंच कारण सांगतो. ती कारणं ऐकली की मला नेहमी वाटतं यांनी एखादी चांगली डॉक्युमेंटरी पाहिली असती तर निदान एवढं कळलं असतं, की जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडमधे पण अगदी हेच होतं, याच शब्दांत होतं. आणि जे वाजवत नाहीत, नुसतं ऐकतात, त्यांना तर एका गाण्यामागं किती तास बसून राहणं असतं ते यातूनच दिसते.

म्हणून ज्यांनी आजवर अशी एकही फिल्म पाहिली नाही, किंवा पाहायला घेतली आणि वीस मिनिटांत बंद केली, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. गाणी तुमच्या मोबाइलवर आहेतच, फिल्म पाहायची ती त्या खोलीसाठी जिथं गाणं बनून राहिलं आहे. कोण बोलतो, कोण गप्प बसतो, उशिरा कोण येतो, कोणाचं म्हणणं दोनदा ऐकलं जातं आणि कोणाचं एकदाही नाही. गप्प बसणाऱ्यावर नजर ठेवा, बँडचं पुढं काय होणार ते बहुतेक वेळा त्याच्याच चेहऱ्यावर आधी दिसते.

पायरी १ : आधी प्रकार ओळखा

बरेच जण इथंच फसतात. म्युझिक डॉक्युमेंटरी म्हणून जे काही मिळते त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे कॉन्सर्ट फिल्म, स्टेजवरचा कार्यक्रम छान शूट केलेला, बाकी काही नाही. दुसरी, कॅमेरा बँडसोबत राहून जे घडून राहिलं ते टिपत जातो ती. तिसरी, मागं वळून पाहणारी, म्हातारे झालेले लोक खुर्चीत बसून आठवणी सांगतात, मधे मधे जुने फोटो. तिसऱ्या प्रकारची संख्या सगळ्यात जास्त आणि नव्या माणसाला कंटाळा येतो तो बहुतेक तिचाच, कारण त्या बँडवर आधीपासून प्रेम असेल तरच त्या आठवणींना अर्थ.

सुरुवात दुसऱ्या प्रकारानं करा. कॉन्सर्ट फिल्म एखादीच पाहायची असेल तर टॉकिंग हेड्स या बँडची 'स्टॉप मेकिंग सेन्स' पाहा, जोनाथन डेमीची, १९८४ची. त्यात मुलाखत एक नाही, तरी बँड कसा उभा राहतो ते कळते, कारण सुरुवातीला रिकाम्या स्टेजवर डेव्हिड बर्न एकटा गिटार आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन येतो, दुसऱ्या गाण्याला बास वाजवणारी टीना वेमथ येते, मग ड्रमर, मग आणखी एक गिटार, मागं कामगार लोक सामान ढकलत आणून राहिले आहेत, आणि पाच-सहा गाण्यांत स्टेज भरते. कोणत्या वाद्यानं गाण्यात नेमका काय फरक पडतो हे समजून घ्यायचं असेल तर यापेक्षा सोपा धडा मला माहीत नाही.

पायरी २ : पहिली फिल्म आपल्या भाषेजवळची घ्या

पहिलीच फिल्म इंग्लिश बँडची घेतली की अर्धं लक्ष सबटायटलवर जाते. म्हणून मी सगळ्यांना आधी 'लीव्हिंग होम' सांगतो, इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडवरची, जयदीप वर्मांची, २०१०मधे थेटरात लागलेली. हिंदी-इंग्लिश मिसळून बोलतात, जसं आपण बोलतो. 'कंदीसा' आणि 'मा रेवा' ही गाणी अनेकांनी ऐकली असतील. नसतील तर फिल्मच्या आधी एकदा ऐका, बस एवढीच तयारी.

यात पाहायचं काय, तर एक म्हणजे करोलबागेतलं ते जुनं घर जिथं ते वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करायचे, त्याच घराच्या पत्त्यावरून पुढं त्यांच्या एका अल्बमला '१६/३३० खजूर रोड' हे नाव मिळालं. बँडला जागा लागते, ही साधी गोष्ट आपल्या शहरातल्या प्रत्येक वाजवणाऱ्याला माहीत आहे, शेजारी तक्रार करतात, घरमालक वैतागतो, आणि इथं दिसते की एक खोली टिकली तर बँड टिकायला किती मदत होते. दुसरं म्हणजे गाणी कुठून आली. बँडचा बासवाला राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होता, 'मा रेवा' तिकडून आलं, 'कंदीसा' केरळच्या सिरियन ख्रिश्चन लोकांच्या जुन्या प्रार्थनेतून. चौघं चार ठिकाणाहून आलेले आणि प्रत्येकानं आपलं काहीतरी सोबत आणलं.

आणि तिसरं, अशीम चक्रवर्ती. बसून तबला वाजवत वाजवत गाणारा माणूस, गिटारवाल्या सुस्मित सेनसोबत बँडची सुरुवात करणारा. २५ डिसेंबर २००९ला तो गेला, फिल्म थेटरात आली तेव्हा तो नव्हता. शूटिंगच्या वेळी हे कोणालाच माहीत नाही, सगळे आपापलं बोलून राहिले, भांडणाचंही बोलतात आणि पैशाचंही. तो हसून काही सांगतो तेव्हा मला दर वेळी थांबायला होते. अशी फिल्म मुलाखती घेऊन नंतर बनवता येत नाही, त्या वेळी कॅमेरा तिथं होता म्हणूनच ती आहे.

पायरी ३ : पाहायची कशी

थोडक्यात सांगतो. हेडफोन लावा. या फिल्ममधलं महत्त्वाचं बोलणं हळू आवाजात, दोन गाण्यांच्या मधे, माइकपासून दूर झालेलं असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात कूलर सुरू असला की टीव्हीच्या स्पीकरवर त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. सबटायटल सुरू ठेवा, इंग्लिश चांगलं असलं तरी ठेवा, पुढं येणारे बीटल्स इंग्लंडच्या लिव्हरपूलचे, ते आपसात बोलतात ते पहिल्यांदा कोणालाच धड समजत नाही. स्पीड वाढवून पाहू नका. एकच तान चाळीस वेळा वाजवली जाते आणि एकेचाळिसाव्या वेळी जमते, तर त्या चाळीस वेळा तुम्हाला पण बसावं लागते, त्याशिवाय एकेचाळिसाव्याची मजा नाही.

फिल्मच्या आधी विकिपीडिया वाचू नका. तीन-चार गाणी ऐका आणि बसा. वाचायचं ते नंतर, का ते पाचव्या पायरीत येईल. कुठं मिळेल याचं सांगायचं तर हक्क बदलत राहतात, आज एका ॲपवर आहे ते उद्या दुसऱ्यावर जाते, म्हणून जस्टवॉचसारख्या साइटवर देश भारत निवडून नाव टाका, काय कुठं आहे ते लगेच दिसते.

पायरी ४ : आता 'गेट बॅक', पण तुकड्या तुकड्यानं

इंग्लंडच्या बीटल्स या चौघांच्या बँडवरची पीटर जॅक्सनची 'गेट बॅक' नोव्हेंबर २०२१मधे आली, आपल्याकडे तेव्हा हॉटस्टारवर. तीन भाग, मिळून आठ तासांना थोडं कमी. पहिलीच फिल्म म्हणून ही घेतलेले बहुतेक जण अर्ध्यात सोडून देतात म्हणून मी ती चौथ्या पायरीवर ठेवली. एका भागाला दोन रात्री द्या, शनिवार-रविवार, घाई नाही.

सगळं शूटिंग जानेवारी १९६९चं. बीटल्सना नवीन गाणी बसवून लोकांसमोर वाजवायची होती आणि मायकेल लिंडसे-हॉग हा दिग्दर्शक ते शूट करून राहिला होता. साठ तासांच्या आसपास चित्रण आणि दीडशे तासांवर आवाज, अर्ध्या शतकानंतर जॅक्सननं त्यातून ही फिल्म काढली.

पहिल्या भागातला एक प्रसंग जवळून पाहा. लंडनच्या ट्विकनहॅम भागातला मोठा थंडगार फिल्म स्टुडिओ, जॉन लेनन अजून यायचा आहे. पॉल मॅकार्टनी बास गिटार मांडीवर घेऊन साध्या गिटारसारखी खडाखड वाजवून राहिला, तोंडानं शब्द नाहीत, नुसते आवाज. समोर जॉर्ज हॅरिसन जांभई देतो. ड्रमर रिंगो स्टार बसून आहे. पॉल तेच तेच वाजवत राहतो, आवाज वर नेतो, परत खाली येतो, आणि दोनेक मिनिटांत त्या खडखडाटातून 'गेट बॅक'ची चाल बाहेर येते, तुमच्या डोळ्यासमोर. मग जॉर्ज गिटार घेऊन लागतो, रिंगो टाळ्या देतो, जॉन येतो आणि काही न विचारता सोबत वाजवायला बसतो. गाणं सुचते म्हणजे काय होते हे इतक्या जवळून कॅमेऱ्यात आलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आणि ध्यानात घ्या, जांभई देणारा माणूस त्या खोलीत बसून होता. सुचायच्या आधी ते असंच दिसते, कंटाळवाणं.

आता जॉर्जकडे पाहा, पूर्ण पहिला भाग फक्त त्याच्याकडे. तेव्हा तो २५ वर्षांचा, चौघांत सगळ्यात लहान. रात्री घरी गाणं लिहून सकाळी आणतो, 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आणतो, बाकीचे वाजवतात पण त्यांचं मन दुसरीकडे. पॉल त्याला कसं वाजव आणि कसं नको ते सांगत राहतो, जॉर्ज म्हणतो तुला जसं पाहिजे तसं वाजवतो, नको असेल तर वाजवत नाही. आवाज चढत नाही कोणाचाच. १० जानेवारीला जेवणाच्या सुट्टीच्या वेळी तो उठतो आणि मी बँड सोडून राहिलो म्हणून सांगून निघून जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे अचानक वाटते, पण दोन तास त्याच्याकडे पाहत असाल तर अजिबात वाटणार नाही. तेच 'ऑल थिंग्ज मस्ट पास' पुढं १९७०मधे त्याच्या स्वतःच्या तीन रेकॉर्डच्या अल्बमचं नाव झालं.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला जॉर्ज नाही आणि जॉनही अजून आला नाही, पॉल आणि रिंगो बसून आहेत, पॉलच्या डोळ्यात पाणी येते. त्यानंतर जॉन आणि पॉल कँटीनमधे जाऊन बोलतात, शूटिंगवाल्यांनी फुलांच्या कुंडीत माइक लपवून ठेवला होता, तर त्या बोलण्याचं चित्र नाही, फक्त आवाज आणि पडद्यावर अक्षरं. दोघं भाऊ घरचा वाटा सांभाळून बोलतात तसं ते बोलतात, आपण जॉर्जला जखम केली आणि ती वाढू दिली, मलमपट्टी केली नाही, असं जॉनचं म्हणणं. तो भाग मागं नेऊन दोनदा ऐका. एक तांत्रिक गोष्ट पण सांगतो कारण ती या बँडबद्दल खूप काही सांगते : आपलं खाजगी बोलणं रेकॉर्ड होऊ नये म्हणून ते बोलताना मुद्दाम गिटार छेडत राहायचे, आणि जॅक्सनच्या लोकांनी कॉम्प्युटरनं गिटारचा आवाज वेगळा काढून ते बोलणं मोकळं केलं.

मग जॉर्ज परत येतो, सगळे लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या स्वतःच्या इमारतीतल्या स्टुडिओत जातात, आणि २२ जानेवारीला बिली प्रेस्टन येतो. हा अमेरिकन कीबोर्डवाला त्यांच्या जुन्या ओळखीचा, बीटल्स जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबमधे वाजवायचे त्या दिवसांतला. तो इलेक्ट्रिक पियानोवर बसतो आणि पाच मिनिटांत चौघांचे चेहरे बदलतात. बाहेरचा एक चांगला वाजवणारा आला की घरची माणसं नीट वागतात. हा धडा कोणत्याही बँडनं उचलावा असाच आहे, आणि त्यांनी त्याचं श्रेयही दिलं, 'गेट बॅक'च्या रेकॉर्डवर बीटल्ससोबत बिली प्रेस्टनचं नाव छापलेलं आहे. तिसऱ्या भागात ३० जानेवारीचा गच्चीवरचा कार्यक्रम, ४२ मिनिटांचा, खाली रस्त्यावरचे लोक, वर चढून आलेले पोलिस. तो पाहायला काही शिकवावं लागत नाही.

पायरी ५ : ही गोष्ट कोण सांगून राहिला, ते विचारा

माझ्या मते ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नवीन प्रेक्षक हिच्यापर्यंत येतच नाहीत.

तेच जानेवारी १९६९चं चित्रण वापरून लिंडसे-हॉगची 'लेट इट बी' १९७०च्या मे महिन्यात आली होती, दीड तासाच्या आतली. त्याच्या महिनाभर आधी पॉल बँडमधून बाहेर पडल्याची बातमी आलेली. लोक थेटरात गेले ते मोडलेला बँड पाहायला आणि त्यांना मोडलेला बँडच दिसला. पुढची पन्नास वर्षं सगळे म्हणत राहिले की तो महिना म्हणजे नुसती भांडणं. जॅक्सनची फिल्म आली तर त्याच महिन्यात चौघं हसून राहिले, एकमेकांच्या नकला करून राहिले. चित्रण एकच, महिना एकच. 'लेट इट बी' २०२४मधे पुन्हा नीट करून डिस्ने प्लसवर आली, म्हणून आता दोन्ही पाहता येतात, आणि माझा आग्रह आहे की एकदा तरी दोन्ही पाहा, आधी मोठी आणि मग छोटी. कोणती खरी? दोन्हीत खोटं काही नाही, फक्त काय ठेवलं आणि काय कापलं.

म्हणून कोणतीही फिल्म संपली की तीन प्रश्न विचारायचे. पैसे कोणाचे, दिग्दर्शक बँडचा कोण लागतो, आणि कोणाला बोलायला जागा मिळाली नाही.

'द लास्ट वॉल्ट्झ' घ्या, मार्टिन स्कॉर्सेसीची १९७८ची, द बँड याच नावाच्या बँडचा २५ नोव्हेंबर १९७६चा सॅन फ्रान्सिस्कोतला निरोपाचा कार्यक्रम. दिसायला इतकी सुंदर कॉन्सर्ट फिल्म क्वचितच. पण फिल्मचा निर्माता होता बँडचा गिटारिस्ट रॉबी रॉबर्टसन, आणि ड्रमर लेव्हॉन हेल्मनं पुढं आपल्या आत्मचरित्रात उघड नाराजी लिहिली की फिल्ममधे सगळा भर रॉबर्टसनवर आहे आणि बाकीचे मागं पडले. हे माहीत झाल्यावर पुन्हा पाहा, कॅमेरा किती वेळ कोणावर थांबतो ते आपोआप मोजायला लागाल.

'सर्चिंग फॉर शुगर मॅन' बँडवरची नाही, रॉड्रिग्ज या डेट्रॉइटच्या एकट्या गायकावरची आहे, पण या पायरीसाठी लागते. अमेरिकेत त्याचे दोन अल्बम चालले नाहीत, तो मजुरीचं काम करायला लागला, आणि तिकडं दक्षिण आफ्रिकेत त्याला पत्ता नसताना तो घराघरात पोचला होता. २०१३मधे ऑस्कर मिळालं, रडू येते इतकी चांगली फिल्म आहे. पण १९७९ आणि १९८१मधे तो ऑस्ट्रेलियात दौरे करून आला होता, तिथं त्याला चांगले श्रोते होते, आणि फिल्ममधे याचा उल्लेख नाही. ते सांगितलं असतं तर हरवलेल्या माणसाची गोष्ट एवढी घट्ट बसली नसती. मला फिल्म तरीही आवडते, पण आवडते म्हणून हे विसरायचं नाही. विकिपीडिया नंतर वाचा म्हटलं ते यासाठी.

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडची 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर', जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनॉफ्स्की यांची, २००४ची, तर याच्या अगदी उलट. इथं बँडनं स्वतः पैसे घातले आणि तरी स्वतःला चांगलं दाखवलं नाही. २००१च्या सुरुवातीला बासवाला जेसन न्यूस्टेड सोडून गेलेला, राहिलेले तिघं एकमेकांशी बोलू शकत नाहीत म्हणून महिन्याला ४० हजार डॉलर देऊन एक समुपदेशक ठेवलेला, आणि मधेच गायक जेम्स हेटफिल्ड दारू सोडायला उपचार केंद्रात निघून जातो, कित्येक महिने. परत येतो तेव्हा दुपारी बारा ते चार एवढंच काम करायचं असा त्याचा नियम, आणि वर त्याचं म्हणणं की चारनंतर मी नसताना बाकीच्यांनी पण गाण्याबद्दल काही ठरवायचं नाही, रेकॉर्डिंग ऐकायचं नाही. ड्रमर लार्स उलरिच ते ऐकून खोलीत येरझाऱ्या घालतो, मग हेटफिल्डच्या तोंडाजवळ तोंड नेऊन शिवी घालतो. हेटफिल्ड हलत नाही. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत, एकाला जगायचं आहे आणि एकाला काम करायचं आहे, म्हणूनच तो प्रसंग इतका जड जातो.

आता इथंही गप्प माणूस शोधा. कर्क हॅमेट, गिटारिस्ट. दोघं भांडतात आणि हा मधे बसून कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे पाहतो. एकदाच तो स्वतःसाठी बोलतो, या अल्बममधे गिटारचे सोलो, म्हणजे गाण्याच्या मधे एकट्या गिटारनं वाजवायचे तुकडे, नको असं ठरून राहिलं असते तेव्हा. सोलो काढले तर उलट हा अल्बम याच काळाचा म्हणून ओळखला जाईल, असं तो म्हणतो. ऐकलं जात नाही. 'सेंट अँगर' २००३मधे सोलोशिवाय आला आणि चाहते आजपर्यंत त्यावर वाद घालतात. आणि लार्सचे वडील टॉर्बेन, लांब पांढऱ्या दाढीचे, त्यांना मुलगा नवं रेकॉर्डिंग ऐकवून मत विचारतो, ते शांतपणे म्हणतात हे डिलीट कर. जगातल्या सगळ्यात मोठ्या मेटल बँडचा ड्रमर आणि बापासमोर पोरगाच.

हिच्यानंतर लगेच 'अँव्हिल! द स्टोरी ऑफ अँव्हिल' लावा. कॅनडाचा मेटल बँड, १९८४मधे जपानच्या मोठ्या फेस्टिव्हलला वाजवून आलेला, सोबतचे बँड नंतर करोडोंत गेले आणि हे राहून गेले. गायक लिप्स शाळेच्या पोरांचं जेवण पोचवायच्या गाडीवर काम करतो, रॉब राइनर ड्रम वाजवतो, दोघं पोरवयापासूनचे दोस्त, पन्नाशीत येऊनही बँड सोडत नाहीत. युरोपच्या दौऱ्यावर ट्रेन चुकतात, क्लबवाला पैसे द्यायला नाही म्हणतो. नवीन अल्बमसाठी पैसे बहीण देते. दिग्दर्शक साशा गर्वासी पोरवयात याच बँडचं सामान उचलायला दौऱ्यावर गेलेला चाहता, आणि ते प्रेम प्रत्येक फ्रेममधे दिसते, म्हणून इथं दिग्दर्शक कोण हे माहीत असणं फिल्मला कमी करत नाही, वाढवते. शेवट सांगत नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या बँडमधे आयुष्य काढलेली माणसं ओळखीत असतील तर ही फिल्म त्यांच्यासोबत पाहा.

पायरी ६ : मागं उभ्या असलेल्यांकडे या

बँड म्हणजे पोस्टरवरची चार तोंडं एवढंच नसते. मॉर्गन नेव्हिलची 'ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम', २०१३ची, ऑस्करवाली, मोठ्या बँडच्या मागं कोरस गाणाऱ्या बायांवर आहे. मेरी क्लेटन सांगते की रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडच्या 'गिमी शेल्टर' गाण्यासाठी तिला रात्री झोपायच्या वेळी बोलावणं आलं, पोटुशी होती, केसाला रोलर लावलेले, तशीच गेली आणि गायली. मग फिल्ममधे बाकी सगळी वाद्यं बंद करून फक्त तिचा आवाज ऐकवतात. वरच्या सुराला तो आवाज फाटतो तिथं हेडफोन असलेच पाहिजेत. ते गाणं तुम्ही आयुष्यभर ऐकलं असलं तरी त्यानंतर वेगळं ऐकाल.

त्याच नावाची 'गिमी शेल्टर' ही १९७०ची फिल्म वेगळी, मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांची. ६ डिसेंबर १९६९, कॅलिफोर्नियातलं अल्टामाँट, रोलिंग स्टोन्सचा मोफत कार्यक्रम, बंदोबस्ताला हेल्स एंजल्स या टोळीचे मोटारसायकलवाले, आणि स्टेजसमोर मेरेडिथ हंटर नावाच्या १८ वर्षांच्या मुलाचा खून. फिल्ममधे स्टोन्सचा गायक मिक जॅगर एडिटिंगच्या टेबलावर तेच चित्रण बसून पाहतो. महत्त्वाची आहे पण खरा मृत्यू आहे त्यात, मन तयार असेल तेव्हाच घ्या, आणि घरी लहान पोरं असतील तर नको.

घरच्या मोठ्यांसोबत पाहायचं असेल तर विम वेंडर्सची 'ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब', १९९९ची. क्युबातले विसरले गेलेले म्हातारे वादक, त्यातला इब्राहिम फेरर तर बूटपॉलिश करून राहिला होता, आणि कंपाय सेगुंदो नव्वदीचा. १९९८मधे ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधे गातात. भाषा स्पॅनिश असली तरी जुन्या गाण्यांवर जीव असलेल्या आई-बाबांना ती जास्त समजते असा माझा अनुभव आहे.

पायरी ७ : आपल्या जवळचं

दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीवर गेला असाल तर पुस्तकांच्या स्टॉलसोबत गाण्यांचे स्टॉल, जागोजागी गाणारे जथे, रात्रभर चालणारं गायन हे सगळं पाहिलं असेल. गाणारा समूह म्हणजे काय, तो का गातो, कोणासाठी गातो, हे आपल्या नागपुरात वेगळं शिकवायची गरज नाही. म्हणून आनंद पटवर्धन यांची 'जय भीम कॉम्रेड' मी बँडच्या फिल्मच्या यादीतच ठेवतो, कोणी ती राजकीय म्हणून वेगळी काढली तरी.

११ जुलै १९९७ला मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. पटवर्धनांच्या १९८५च्या 'हमारा शहर'मधे घोगरे गायले होते, ते ओळखीचे होते, आणि तिथून हे शूटिंग सुरू झालं ते चौदा वर्षं चाललं. तीन तासांहून मोठी फिल्म, मराठी-हिंदी, आणि गाणी शेवटपर्यंत. उत्तरार्धात पुण्याच्या कबीर कला मंचची तरुण पोरं येतात, शीतल साठे गाते. तिच्या आईचं बोलणं सुरू असते तो भाग नीट पाहा, घरात गाणारी पोरगी असणं म्हणजे काय ते कळते. लंडनच्या स्टुडिओतल्या चौघांना जे प्रश्न पडतात, कोणी पुढं उभं राहायचं, कोणाचं गाणं घ्यायचं, ते इथंही आहेत, फक्त इथं गाण्याची किंमत वेगळी मोजावी लागते.

शबनम विरमानी यांच्या कबीरावरच्या फिल्म, त्यातली 'हद-अनहद', २००८ची, यूट्यूबवर आहे, माळव्याच्या प्रह्लाद टिपानियांची मंडळी त्यात भेटतात. आणि पॉल थॉमस अँडरसनची 'जुनून', २०१५ची, जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात शूट केलेली, तासाभराच्या आतली. राजस्थानचे कव्वाल, बँडवाले, रेडिओहेड या इंग्लिश बँडचा जॉनी ग्रीनवुड आणि इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर, सगळे एका दालनात जमिनीवर गोल बसून वाजवतात, कोणी काही समजावून सांगत नाही. ब्रासवाले पाहा त्यातले. लग्नात आपण ज्यांच्याकडे लक्ष देत नाही तेच वाद्य, तोच गणवेशातला वादक, आणि इथं त्याला सगळ्यांच्या बरोबरीची जागा आहे.

पायरी ८ : सोबत पाहा, आणि वाजवत असाल तर स्वतःचं शूट करा

एकट्यानं दोन-तीन झाल्या की मित्रांना बोलवा. प्रत्येकानं वेगवेगळ्या माणसावर लक्ष ठेवायचं असं आधी वाटून घ्या, एक जण जॉर्ज, एक जण पॉल, एक जण मागं उभे असलेले लोक, आणि संपल्यावर ज्यानं त्यानं आपल्या माणसाची बाजू मांडायची. वाद होतो, चांगला होतो, तर्री पोह्याच्या गाडीवर सकाळपर्यंत पुरतो.

आणि तुमचा स्वतःचा बँड असेल तर एक काम नक्की करा. प्रॅक्टिसच्या वेळी मोबाइल स्टँडला लावून कोपऱ्यात ठेवा, झूम नाही, हलवणं नाही, फ्रेममधे सगळे आले पाहिजेत, जो त्या क्षणी वाजवत नाही तो पण. फोन फ्लाइट मोडवर टाका नाहीतर मधे कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटते, आणि तास-दीड तास चालायचं असेल तर चार्जर लावून ठेवा, उन्हाळ्यात फोन तापतो म्हणून पंख्याच्या वाऱ्यात. त्याच दिवशी पाहू नका, आठवडाभरानं सगळे मिळून पाहा, आणि पाहताना गाणं कसं झालं हे शेवटी बोला, आधी कोण किती वेळ गप्प होता ते बोला. एक अट मात्र पाळा, कॅमेरा सुरू आहे हे सगळ्यांना आधी सांगून ठेवायचं, कुंडीत माइक लपवायचा नाही.